मधली रेघ

गंगाधाम चौकात सिग्नल लागला, ऋषीने स्कूटर थांबवून इंजिन बंद केलं, आणि मागे बसलेल्या आण्णांच्या हाताची थरथर त्याच्या खांद्यात उतरली. हात उंड्रीपासून तिथेच होता. पण रस्त्यावरचे खड्डे, इंजिनाची धडधड आणि कोंढव्याचा तो उतार यांत तो मिसळून गेला होता. आता बाकी सगळं थांबलं आणि तो एक हात तेवढा हलत राहिला. शर्टाच्या पातळ कापडातून थेट खांद्याच्या हाडापर्यंत, बारीक, एकसारखा. मोजायचं नाही असं ठरवायच्या आतच मोजून झालं होतं. सेकंदाला पाच वेळा, मधूनच साडेपाच. आकडा नवा नव्हता. गेले दोन महिने ऑफिसच्या लॅपटॉपवर तो एका निळ्या रेघेत रोज दिसत होता, ऋषी त्यावर उपाय करत होता, दुपारचा डबा बाजूला सारून त्याच्याशी झटापट करत होता. पण पडद्यावरच्या रेघेला ऊब नसते. हा हात गरम होता, जड होता आणि मुलाला धरून बसला होता. समोर मार्केट यार्डाकडे निघालेला कांद्याचा टेम्पो उभा होता. त्याच्याकडे बघून आण्णा म्हणाले, "माल भरलाय लई, पर दोरी बांधली न्हाई नीट." ऋषी नुसतं "हं" म्हणाला. सिग्नल सुटला, इंजिन सुरू झालं आणि थरथर पुन्हा इंजिनात हरवली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

अकरा वाजता आण्णांची परीक्षा होती. हिंदुराव म्हणजे आण्णा, वय वर्षे त्रेसष्ट, यांनी चौथीनंतर कुठलीही परीक्षा दिलेली नव्हती आणि त्याबद्दल त्यांना कधी खंतही वाटलेली नव्हती. आज मात्र ते पहाटे सहालाच अंघोळ उरकून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. ऋषी चहाला आत गेला तेव्हा आई, म्हणजे मैनाबाई, ओट्याकडे तोंड करूनच हलक्या आवाजात म्हणाली, "ह्ये काम लागलं तर बरं हुईल रं. न्हाईतर दिसभर गॅलरीत बसून लोकांची मशिनं मोजत्यात. काल म्हनत व्हते, सात दिसली. एकाला बी धड चालवता येत न्हाई म्हने." दोन वर्षांपूर्वी आण्णांनी आपली माती खणायची पोकलेन विकली, तेव्हापासून हे चाललं होतं. काम कमी झालंय, नवीन पोरं आलीत, गुडघे दुखतात, अशी कारणं तेव्हा त्यांनी दिली होती आणि ऋषीने ती ऐकून घेतली होती. मशीन गेली आणि माणूस हळूहळू आटत चालला. आधी गावच्या पारावर जाणं थांबलं, मग दाढी एक दिवसाआड झाली, मग जेवताना मीठ कमी असलं तरी ते काही म्हणेनासे झाले. मीठ कमी असताना गप्प बसणारे आण्णा ऋषीने कधी पाहिले नव्हते. हे काम मिळालं नाही तर काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नव्हता, पण तो तिघांच्याही ताटाशी रोज येऊन बसत होता.

काम ऋषीच्याच कंपनीत होतं. कंपनी म्हणजे गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बसणारी बारा माणसं. ही बारा माणसं पोकलेन शिकणाऱ्यांसाठी खोटी पोकलेन बनवत. खुर्ची खरी, दोन्ही हातांखालचे दांडे खरे, पण काचेऐवजी समोर तीन पडदे, पडद्यावर माती आणि मातीवर खणायची दातेरी बकेट. दांडा चुकला तर पडद्यावरची भिंत पडते, माणूस मरत नाही. आता तिथे शिकवायला एक जुना चालक हवा होता, आणि कंपनी चालवणाऱ्या नीरजा मॅडमची अट होती की शिकवणाऱ्याने आधी त्यांच्यासमोर याच मशीनवर दहा फूट लांबीचा सरळ चर मारून दाखवायचा. अट वाजवी होती. त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून ऋषीने दुसरीकडे जागा काढली.

दांड्याला कंपनीत जॉयस्टिक म्हणत. जॉयस्टिकच्या खाली काडेपेटीएवढा बोर्ड होता आणि त्यावर नखाएवढी काळी चिप, मायक्रोकंट्रोलर. त्या चिपमध्ये काय लिहायचं हे ऋषीचं काम. दांडा जरा हलला की चिपला एक आकडा कळतो, आणि त्या आकड्यावरून बकेटने किती जोरात हलायचं हे चिप ठरवते. हाताचा आकडा आणि बकेटचा आकडा यांच्या मधे एक रेघ असते. रेघ सरळ ठेवली की हात जेवढा तेवढी बकेट, हाताचे सगळे गुणदोष जसेच्या तसे. नवशिक्याला ते झेपत नाही, तो घाबरून झटका देतो आणि बकेट उडते. म्हणून रेघ वाकवायची, सुरुवातीला मऊ आणि पुढे चढी. शिवाय अगदी मधोमध थोडी जागा मेलेली ठेवायची. तिथे दांडा हलला तरी यंत्राने ऐकू न आल्यासारखं करायचं, घरात नव्या सुनेने करावं तसं. ऋषी आठ वर्षं हेच करत होता. कुणी विचारलं तर 'मी एम्बेडेडमध्ये आहे' असं सांगत होता. पण खरं सांगायचं तर हे काम काय असतं ते त्याला सातव्या वर्षीच कळलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. नवीकोरी पोकलेन दारात आली, गावातली माणसं नारळ फोडून, पेढे खाऊन परत गेली, आणि आण्णांनी त्याला केबिनमध्ये आपल्या मांडीवर घेतलं. डिझेलचा, नव्या रेक्झिनचा आणि आण्णांच्या तंबाखूचा वास. त्याचा इवलासा हात दांड्यावर, आणि त्यावर आण्णांचा पंजा, भाकरीएवढा. "ओढ," आण्णा म्हणाले. त्याने दात आवळून, सगळं अंग लावून ओढलं. आणि ते एवढं थोरलं लोखंड कसं सावकाश, एखादी म्हैस उठावी तसं, वर आलं. "बघ, तू उचललीस." पुढची तीन वर्षं तो शाळेत शपथेवर सांगत होता की मी पोकलेन चालवतो. इंजिनिअरिंगला गेल्यावर एका प्रॅक्टिकलला पहिली वाकडी रेघ काढली आणि तो पेन्सिल धरून तसाच बसला. त्याचं ओढणं आण्णांच्या पंजाशी जाऊन थांबत होतं, आणि पंजा त्यातलं हवं तेवढंच पुढे जाऊ देत होता. पहिली रेघ आण्णांचीच होती. आता तो आण्णांच्या हातावर हात ठेवत होता. फरक इतकाच की सात वर्षांच्या पोराला आपल्या हातावर पंजा आहे हे दिसत होतं, आणि आण्णांना काहीच दिसत नव्हतं.

मार्केट यार्डाच्या भिंतीशी आले तेव्हा तो वास आला. कांदा, ओली गोणपाटं, पालापाचोळा आणि कुठून तरी कोथिंबीर. ऋषी रोज इथून जातो, पण आण्णा मागे असले की वास वेगळा येतो. शेत होतं तेव्हा ते दोघं टेम्पोत मेथीच्या आणि भेंडीच्या वर बसून इथे यायचे. माल उतरला, आडत्याशी आण्णांचं रीतसर भांडण झालं, की स्वारगेटला जाऊन पोहे खायचे. पोह्यांवर आण्णा त्याच्यासाठी जास्तीचं खोबरं मागून घ्यायचे आणि हॉटेलवाला दरवेळी म्हणायचा, "खोबरं आमच्या झाडाला लागत नाही, पाटील." त्या वाक्याची ऋषी आठवडाभर वाट बघायचा. पुढे भेंडी गेली, मेथी गेली, गाव महापालिकेत गेलं, आणि जमिनीचे तुकडे एकेक करत बिल्डरांकडे गेले. आण्णांनी त्यावर कधी उसासे टाकले नाहीत. पहिला तुकडा गेला तेव्हाच त्यांनी मशीन घेतली होती. "आता समदे खनणारच हायत, तर नीट तरी खनू," एवढंच म्हणाले होते. आणि ते नीट खणत. दोरी न लावता सरळ. खाली उभं राहून ऋषी बघायचा, बकेटचे दात मातीत शिरताना आवाज कसा व्हायचा नाही ते. आपल्याला इतकं नीट काही येत नाही असं त्याला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी त्याने जे केलं ते चोरीच होती. एका रविवारी तो ऑफिसमधली जुनी जॉयस्टिक घरी घेऊन आला आणि म्हणाला, "आण्णा, मूठ बदललीय, हाताला कशी वाटते बघा जरा. काम सुरू करताय असं समजा." आण्णा खुलले. सतरंजीवर बसून, डोळे मिटून, त्यांनी दांडा धरला आणि समोर नसलेली माती खणू लागले. तोंडाने बारीक इंजिनाचा आवाजही काढत होते. वायर टीपॉयखाली ठेवलेल्या लॅपटॉपपर्यंत गेली होती. असं अकरा वेळा त्यांनी त्याला खणून दाखवलं आणि ऋषीने अकरा वेळा त्यांचा हात नोंदवून घेतला. सोमवारी आलेख उघडला तेव्हा थरथर स्पष्ट होती. त्याशिवाय प्रत्येक नोंदीत सुरुवातीलाच एक लहानसा उंचवटा होता. दांडा किंचित पुढे, किंचित थांबा, मग मागे, आणि मग खरी हालचाल. उंचवटा थरथरीएवढाच लहान होता. ऋषीने त्याच्यापुढे लिहून ठेवलं, 'सुरुवातीचा हात अस्थिर, दुर्लक्ष', आणि मधली मेलेली जागा एवढी रुंद केली की थरथरीसकट तो उंचवटाही तिच्यात बुडाला. पुढची रेघ त्याने आण्णांच्या हाताला बसेल अशी वाकवली, रोज थोडी थोडी, शिंप्याने उसवून पुन्हा घालावी तशी. दोन महिन्यांनी ती अशी झाली की थरथरणारा हात आत घातला तर दहा वर्षांपूर्वीचा हात बाहेर यावा. ही सेटिंग त्याने बोर्डात तिसऱ्या नंबरला ठेवली आणि तिला नाव दिलं नाही.

गोदामाचा जिना चढताना आण्णा मधे एकदा थांबले, पण दम लागला म्हणून नव्हे असं दाखवण्यासाठी खिडकीतून बाहेर बघत राहिले. वर नीरजा मॅडम उभ्या होत्या. शनिवार पेठेत वाढलेल्या बाई. नमस्कारही मोजून करत, पण माणूस बसेपर्यंत स्वतः बसत नसत. शेजारी वैजनाथ होता. मशीनची खुर्ची आणि सांगाडा त्याने वेल्डिंग करून उभा केलेला, त्यामुळे प्रत्येक येणारा त्याच्या खुर्चीत कसा बसतो हे तो जातीने पाहायचा.

"या काका. प्रवास ठीक झाला?" मॅडम म्हणाल्या.

"झाला. पोरगा सावकाश चालवतो. लईच सावकाश."

"कामातही तसाच आहे. बसा. पट्टा लावा. पडद्यातून बाहेर पडायला होत नाही, पण शिकणाऱ्यांना सवय लागते."

आण्णांनी पट्टा लावला. ऋषी मागच्या टेबलावर लॅपटॉपशी जाऊन बसला आणि बोर्डाला तिसरा नंबर दिला. आण्णांनी डावा हात डाव्या दांड्यावर ठेवला, उजवा उजव्या. उजवा थरथरत होता. मागून ऋषीला दिसत होतं, कोपरापासून सदऱ्याची बाही हलत होती. पडद्यावर मात्र बकेट फोटोतल्यासारखी स्थिर. सकाळी खांद्यापर्यंत जे आलं होतं ते इथे पोचलंच नाही. आपलं काम आपल्याच डोळ्यांसमोर असं चालताना फार कमी वेळा दिसतं, आणि त्या क्षणी ऋषीला फक्त अभिमान वाटला. आता आण्णा चर मारतील, सरळ, पूर्वीसारखा. मॅडम मान डोलावतील. संध्याकाळी भाजीत मीठ कमी आहे असं आण्णा म्हणतील.

आण्णांनी उजवा दांडा अगदी थोडा पुढे केला. बकेट हलली नाही. त्यांनी दांडा मागे घेतला, जरा थांबले, पुन्हा तेवढाच पुढे केला. काही नाही. तिसऱ्यांदा केला. मग दांड्यावरून हात काढून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बैल अडल्यावर पाहावं तसं.

"हिला ऐकू येईना," ते म्हणाले.

"थोडं जास्त ढकला काका," मॅडम म्हणाल्या.

"जास्त ढकललं तर चालू लागंल की ती."

"मग? चालूच करायची आहे ना?"

"आधी टेकवायची हाय."

"काय टेकवायचंय?"

"बकेट. मातीला." आण्णा सहज म्हणाले, चप्पल बाहेर काढायची हाय असं म्हणावं तसं.

ऋषीला आठवलं. एकदम आणि सगळं आठवलं. रोज सकाळी मशीन सुरू केल्यावर आण्णा आधी बकेट खाली आणायचे, इतकी हलकी की धूळ उठायची नाही. दात नुसते मातीला लागायचे. एक श्वासभर तसेच. मग बकेट वर, आणि मग काम. शेत होतं तेव्हा औत जुंपायच्या आधी ते वाकून मातीला बोटं लावायचे आणि बोटं कपाळाला. केबिनमध्ये बसून वाकता येत नाही, म्हणून बकेटने वाकायचे. ऋषीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. शेतातला जांभळीखालचा तुकडा विकला आणि बिल्डरने तिथल्या तळघराची खोदाई आण्णांनाच दिली, त्या दिवशीही पाहिलं होतं. चौदा वर्षांचा होता तो. आई बांधावर उभी होती, म्हणजे बांध जिथे असायचा तिथे. आण्णांनी बकेट टेकवली आणि वर उचललीच नाही, बराच वेळ. साइटवरचा सुपरवायझर ओरडला, "काय हो, मशीन बंद पडली काय?" तेव्हा आण्णांनी बकेट उचलली आणि वीस फूट खोल खणून दिलं, एक इंच इकडेतिकडे न होता. हे सगळं ऋषीच्या आत होतं. आणि तरी अकरा आलेखांत अकरा वेळा तो उंचवटा समोर आला तेव्हा त्याला तो ओळखता आला नाही. त्याने त्याच्यापुढे 'दुर्लक्ष' असं लिहिलं. बापाचा हात दोन महिने रात्रंदिवस न्याहाळला, त्यातली थरथर तेवढी पाहिली आणि नमस्कार गाळून टाकला.

"काका, हे तसं सिम्युलेटर आहे," मॅडम जरा नरमाईने म्हणाल्या. "माती खरी नाही. टेकवलं नाही तरी चालेल."

"तुमचं चालंल," आण्णा म्हणाले. आणि हात मांडीवर ठेवून बसले.

वैजनाथने घड्याळाकडे पाहिलं. आता दोनच गोष्टी होत्या. आण्णांना काहीतरी पटवून तसंच पुढे ढकलायचं, म्हणजे काम मिळेल. किंवा ती मेलेली जागा काढून टाकायची, म्हणजे बकेट टेकेल आणि सगळं उघडं पडेल, आण्णांचा हातही आणि आपलं कृत्यही. आण्णा मात्र निवांत होते. हट्टाने बसलेला माणूस असा दिसत नाही. त्यांची फक्त एक गोष्ट करायची राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय पुढची करता येत नाही एवढंच त्यांना माहीत होतं. ऋषीला वाटलं, आपण यांना फसवू शकतो, पण यांना घाईत पाडू शकत नाही.

"मॅडम, सेटिंग माझी चुकलीय," तो म्हणाला. "एक मिनिट द्या."

मधल्या जागेचा आकडा त्याने खोडला आणि शून्य लिहिलं. वाकलेली रेघ निवडून सरळ केली. चिपवर पाठवायला चार सेकंद लागतात. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला. आण्णांनी पुन्हा दांडा धरला, आणि तिन्ही पडद्यांवर बकेट थरथरू लागली.

दांडा अजून ढकललाही नव्हता. टेबलाएवढी ती लोखंडी बकेट जागच्या जागी कापत होती. घरात ही थरथर चहाच्या कपाएवढी होती, भाकरीच्या तुकड्याएवढी होती, तिच्याकडे न बघणं शक्य होतं. इथे ती भिंतभर झाली होती. आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश दांडा पुढे केला आणि बकेट खाली आली. दात मातीला लागले, सुटले, लागले, सुटले, टकटक टकटक, दारावर कुणी भीत भीत वाजवावं तसे. आण्णांनी डोळे मिटून घेतले होते. श्वासभर थांबून त्यांनी बकेट वर घेतली.

"हिला वजन न्हाई," ते डोळे उघडून म्हणाले. "आपली मशीन थोडं सोसून घ्यायची."

मॅडमनी विचारलं, "काका, हाताचं हे कधीपासून?"

"तीन वर्सं झाली की. त्याशिवाय मशीन विकली का मी? खाली मानसं उभी असत्यात, बाई. खऱ्या मशीनवर बसायचं माजं तवाच झालं."

मॅडम वळल्या. "ऋषी, मघाशी बकेट हलत नव्हती ती?"

"मी केलं होतं तसं. थरथर दिसू नये म्हणून."

"मला न सांगता."

"हो."

"छान," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मी इतका वेळ परीक्षा तुझी घेत होते." आणि मग आवाज थोडा खाली आणून, "याबद्दल आपण नंतर बोलू."

आण्णांनी मान वळवून ऋषीकडे पाहिलं. रागाने नाही. त्या नजरेत कुतूहल होतं, आणि थोडी गंमतही. "ते मूठ बगायला आनलेलं, ते ह्याच्यासाठी व्हय?" ऋषीने मान हलवली. त्याला वाटलं, आण्णा आता म्हणतील, लाव परत तुझं ते. पण आण्णा पडद्याकडे वळले. "बाई, चर मारायचा ऱ्हायलाय. मारू?"

"याच सेटिंगवर?"

"हात तर ह्योच हाय."

आणि ते खणू लागले. चर सरळ आला नाही. कडा करवतीच्या दातांसारख्या झाल्या. पण खणता खणता आण्णा बोलायला लागले, पहिल्यांदा स्वतःशी, मग मॅडमना, मग वैजनाथलाही. "बकेट अशी उभी घालायची न्हाई, मातीला राग येतो. तिरकी घाला. आता बगा, इथं आवाज बदलंल, खाली मुरूम हाय असं समजायचं. मुरूम लागला की ढकलायचं न्हाई, वाट बगायची. ती आपसूक शिरती. ढकलणारा मानूस मशीनबी मोडतो आन् कंबरबी." वैजनाथ आपल्या खुर्चीजवळ सरकून उभा राहिला. मॅडमनी कधी वही उघडली ते कुणाला कळलं नाही. दहा फूट झाले तेव्हा आण्णांनी बकेट बाजूला घेतली आणि चराच्या तळाकडे बोट दाखवलं. कडा वेड्यावाकड्या होत्या, तळ मात्र एकसारखा होता.

मॅडमनी वही मिटली. "उद्या दहाला या काका. शिकवायला. खणायला नाही."

"खनायला कोन मागतंय," आण्णा म्हणाले.

झालं होतं. काम मिळालं होतं, आणि ऋषीच्या रेघेचा त्यात काडीचा हात नव्हता. तो मान खाली घालून तिसऱ्या नंबरची सेटिंग पुसायला गेला. 'पुसू का?' असं यंत्राने विचारलं आणि अक्षरं धूसर झाली. आण्णांचं मशीनवर बसणं संपलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. आण्णांना ते ठाऊक होतं, आणि आईलाही असणार, ओट्याकडे तोंड करून बोलण्याची तिची ती सवय उगीच नव्हती. आण्णांनी ते मान्य करून, मशीन विकून, त्यापुढची दोन वर्षं बसून काढली होती. आणि ऋषी मात्र अजून त्या केबिनमधल्या मांडीवरून उतरायला तयार नव्हता. बापाचा हात दहा वर्षं मागे नेऊन ठेवायचा म्हणून दोन महिने आकडे फिरवत बसला होता. ते आण्णांसाठी नव्हतंच. सकाळी साडेअकराला, भर ऑफिसात, लॅपटॉपच्या आडोशाला ऋषी रडायला लागला. नाक ओढल्याचा आवाज झाला आणि मग लपवण्यात अर्थ उरला नाही.

वैजनाथने पाण्याची बाटली आणून टेबलावर ठेवली आणि काहीच न पाहिल्यासारखा खुर्चीचा नट आवळायला बसला. मॅडम खिडकीकडे गेल्या.

आण्णा पट्टा सोडत होते. थरथरत्या बोटांना पट्ट्याची कळ सापडत नव्हती, आणि मदत करायला उठलेल्या वैजनाथला त्यांनी हातानेच थांबवलं. कळ सापडली. पाठमोरेच ते म्हणाले, "रडू द्या त्याला. मशीन गेली त्या दिशी मीबी न्हाणीत नळ सोडून बसलो व्हतो. पानी वाया चाललंय म्हनून त्याची आई ओरडली, तवा उठलो."